पाखरांच्या वाट्याचं पाणी

दिवाळीच्या पणत्या धुऊन माळ्यावर गेल्या की माझे कान आपोआप आभाळाकडे लागतात. नोकरी संपली, पण ही खोड काही गेली नाही. नांदेडला मी रोज सकाळी गोदावरीच्या कडेनं फिरायला जाते. परवा नदीवर धुकं होतं आणि त्या धुक्यातून तो आवाज आला, नाकात बोलल्यासारखा, जरासा रडका. चक्रवाक! आले बाई एकदाचे. पाय जागच्या जागी थांबले. वाळूच्या बेटावर केशरी अंगाची एक जोडी उभी होती. हिमालय ओलांडून आलेली पाखरं, पण अशी निवांत की जणू शेजारच्या गल्लीतून हळदीकुंकवाला आलीत.

मी आपली हरखून बघतेय, तेवढ्यात सोबतच्या शेजारीणबाईंनी नाकाला पदर लावला. म्हणाल्या, "चला मॅडम, पुढं चला. बर्ड फ्लू आणतात मेले."

असा राग आला मला! म्हटलं, "मागच्या आठवड्यात तुम्ही लग्नाला गेलात आणि खोकला घेऊन आलात. आम्ही तुम्हाला कॉलनीतून हाकललं का?" त्या बिचाऱ्या झपाझप पुढं निघून गेल्या. मग दिवसभर मलाच चुटपुट लागून राहिली. त्यांचा तरी काय दोष? हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या तोंडून नाही. ते ऐकलं त्याला वर्षं लोटली. तेव्हा एका म्हातारीच्या अंगणात उभं राहून अख्खं गाव ते म्हणत होतं.

मी ढोरांची डॉक्टर. वडील कंधारला मास्तर होते. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसवून त्यांनी मला शिकवलं. पोरगी माणसांची डॉक्टर होईल असं त्यांना वाटायचं, मी ढोरांची झाले. "चालतंय," ते म्हणाले, "ढोरं निदान जात तरी विचारत न्हाईत." बरीच वर्षं नांदेड जिल्ह्यात काढल्यावर माझी बदली लातूर जिल्ह्यात झाली आणि नेमका तो दुष्काळाचा काळ. जीपचे चालक जब्बारभाई लातूरला अजून 'नवा जिल्हा' म्हणायचे. मी चिडवायची, "अहो, त्याला जिल्हा होऊन माणसं आजोबा झाली." ते गिअर टाकत म्हणायचे, "होऊ द्या की मॅडम. आमचे अब्बा मरेपर्यंत उस्मानाबादच्याच नावानं खडे फोडत होते. नवा म्हंजे नवाच." त्यात चहाच्या टपरीवर उदगीर कधी जिल्हा होणार याची चर्चा रंगलेली असायची. टपरीवाला कपबशा पाण्यानं धुण्याऐवजी फडक्यानं पुसायचा आणि म्हणायचा, "जिल्हा करा न्हाई तर राजधानी करा, पर आधी टँकर पाठवा."

त्या हिवाळ्यात माझ्याकडे एक जादा काम आलं. तलावांवर परदेशातून उतरणाऱ्या पाखरांच्या विष्ठेचे नमुने गोळा करायचे आणि पुण्याला पाठवायचे. बर्ड फ्लूचा विषाणू रानबदकांच्या पोटात सहसा मुकाट राहतो, त्यांना फारसं काही होत नाही. पण तो बदलत राहतो. कुठं, कसा बदलतोय, यावर नजर ठेवायची तर दरवर्षी नमुने घ्यायलाच हवेत. काम मोठं दिसत नाही, वासही बरा नसतो. पण मला ते आवडायचं. उजाडायच्या आधी काठावर जाऊन बसायचं, हलायचं नाही. थंडीनं बोटं आखडतात. हळूहळू पाण्यावर उजेड पसरतो आणि थापट्या बदकं फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोल गोल फिरायला लागतात. टिबुकल्या बुडी मारतात आणि भलतीकडेच वर येतात. ऊन चढलं की थवा उठतो. मग आपण जायचं, ओली ताजी विष्ठा कापसाच्या काडीवर घ्यायची, कुपीत टाकायची, कुपी बर्फात. अहमदपूरचा बर्फाचा कारखाना पाण्यावाचून बंद पडलेला. जब्बारभाई एका कुल्फीवाल्याची मिनतवारी करून बर्फ आणायचे, म्हणून आमच्या डब्याला कायम वेलचीचा वास.

ज्या तलावावर आम्ही जास्त जायचो, तो अगदी शिवेवर होता. पलीकडचा काठ माझ्या कंधार तालुक्यातला, अलीकडचा लातूर जिल्ह्यातला. गावाचं नाव सांगत नाही. झाली तेवढी बदनामी पुरे.

तिथंच गयाबाई भेटली. हंडा कमरेवर, नऊवारीचा काष्टा वर खोचलेला, तोंडात मिश्री. मी उकिडवी बसून कुपी भरतेय आणि ही माझ्या डोक्याशी येऊन उभी. "इतकं शिकली-सवरली आन् सरकारनं पाखराचा गू येचायला ठिवली व्हय गं तुला?" मागच्या बायका खो खो हसल्या. मलाही हसू आलं. म्हटलं, "मावशी, यातच सगळं कळतं." ती समोर बसकण मारून म्हणाली, "मंग सांग, काय कळतंय ते."

मी तिला सांगितलं. विषाणू म्हणजे आठ तुकड्यांची गोधडी समज. एकाच बदकाच्या पोटात दोन वेगळे विषाणू शिरले तर त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि तिसरीच गोधडी तयार होते. बहुतेक वेळा ती कुचकामी निघते. एखाद्या वेळी मात्र अशी निघते की कोंबड्यांवर पडली तर खुराडं साफ, आणि कधीमधी माणसालाही धरते. गयाबाईनं मिश्रीचं बोट थांबवून ऐकलं. "म्हंजे दोन जावा एका घरात नांदल्या की लुगड्याचे काठ हिचे तिला आन् तिचे हिला, तसंच की." हो मावशी, तसंच. त्या दिवसापासून तिची-माझी गट्टी जमली.

कोंबड्यांचा विषय निघाला की गयाबाईच्या डोळ्यांत वेगळीच चमक यायची. शेत पोरांच्या नावावर झालेलं, चूल सुनांच्या ताब्यात गेलेली. "कोंबड्या तेवढ्या माझ्या हायेत," ती म्हणायची. गावरान, तांबड्या-काळ्या, उकिरडा फिस्कटत हिंडणाऱ्या. अंडी विकून ती अहमदपूरच्या बाजारात जायची, मनासारख्या बांगड्या भरायची, हदगावला दिलेल्या लेकीकडं कुणाला न विचारता एसटीनं जाऊन यायची. सून काही बोलली तर ती कोंबड्यांना हाक मारायची, सुनेला नाही. एक खुडूक कोंबडी तर तिनं घरात, स्वतःच्या बाजेखाली अंड्यांवर बसवली होती. सुना नाकं मुरडायच्या. "मुरडू द्या. माझ्या बाजेखाली हाय, त्यांच्या न्हाई."

जानेवारीत तलाव आटत आटत परसाएवढा राहिला. मग त्याचा चिखल झाला, चिखलाला भेगा पडल्या. नेहमीच्या साली पाखरं इथून उठून दुसऱ्या पाण्यावर जातात. त्या साली दुसरं पाणी होतंच कुठं? थोडी बदकं भेगांच्या कडेला बसून राहिली. मला बघवेना. पण सरकारी डॉक्टरकडं बदकांना पाजायला पाणी नसतं.

पाणी गयाबाईनं दिलं. त्या भागात रास उचलताना पहिलं पसाभर धान्य खळ्यावर पाखरांसाठी टाकायची रीत आहे. गयाबाईच्या घरात ती कधी चुकली नव्हती. त्या वर्षी रासच नव्हती. ज्वारी हातभर वाढून करपली होती. "रास न्हाई म्हून पाखरायचा वाटा बुडवायचा व्हय?" तिनं गावाला विचारलं. मग तलावाच्या तळात जिथं जरासा ओलावा होता, तिथं तिनं पोरांकडून डबरं खणून घेतलं आणि टँकर आला की आपल्या घागरीतलं तांब्याभर पाणी त्यात ओतायला लागली. पहिल्या दिवशी बायका हसल्या. नंतर एकीनं ओतलं, दुसरीनं ओतलं, आणि मग ती चालच पडून गेली. टँकरवरून घरी निघालेली प्रत्येक बाई वाकडी वाट करून डबऱ्यात तांब्या रिकामा करायची. ज्या गावात न्हाणीतलं पाणी गाळून पुन्हा वापरत होते त्या गावात! बदकं यायची, माना वाकवून प्यायची. त्यांच्या शेजारीच गावातल्या कोंबड्या प्यायच्या, शेरडं प्यायची.

मी ते बघत उभी राहिले. इतकं सुंदर दृश्य, आणि माझ्या पुस्तकात त्यालाच धोका म्हणतात. मी गयाबाईला म्हणाले, "मावशी, पाखरांना पाज, पण कोंबड्या तिकडं सोडू नको. कोंडून ठेव." गावातही घरोघर सांगितलं.

ती म्हणाली, "कोंडते की. कोंडल्याव त्यायला पाणी कुठून आणू, ते बी सांग."



फेब्रुवारीत मोटारसायकलवर जाळीची खोकी बांधून एक पिल्लंवाला फिरून गेला. गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्लं. कुठल्या तरी मोठ्या पोल्ट्री शेडमधली नकोशी झालेली पिल्लं रंगवून खेडोपाडी विकतात. पोरांनी हट्ट केला, घरोघर घेतली गेली. त्यातली बरीच लगेच मेली. रंगवलेली पिल्लं मरतातच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मलाही कुणी कळवलं नाही.

मग गावातल्या कोंबड्या मान टाकायला लागल्या. गयाबाईचा निरोप आला तशी मी पोचले. तिच्या अंगणात तांबडी कोंबडी पाय ताठ करून पडली होती, तुरा निळाकाळा. बघताक्षणी कळलं मला. नमुने गेले, पुण्याहून भोपाळच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेले, आणि जे नको होतं तेच उत्तर आलं. बर्ड फ्लू.

पुढचं सगळं नियमानं होतं आणि नियमात चूक काही नाही. गाव मध्याला धरून नकाशावर एक वर्तुळ काढतात, त्याच्या आतली प्रत्येक कोंबडी मारायची. माणसाला लागण होऊ नये म्हणून करावंच लागतं, आजही तसंच सांगेन. ते वर्तुळ नेमकं शिवेवरून गेलं. अर्धं नांदेडात, अर्धं लातुरात. दोन जिल्ह्यांचे साहेब आले, दोन पथकं आली. जब्बारभाई पुटपुटले, "पाणी द्यायला एक बी जिल्हा आला न्हाई, कोंबड्या मारायला दोन दोन आले."

पांढरे झगे घातलेली, तोंड झाकलेली माणसं दारोदार फिरत होती. बायका कोंबड्या झाकलेल्या डालग्यांवर बसून राहिल्या होत्या, उठेनात. गयाबाई मात्र उठली. तिनं तिच्या उरलेल्या कोंबड्यांना नेहमीसारखी हाक मारली, "त्या त्या त्या" केलं, आणि त्या धावत आल्या. दाणे मिळतील म्हणून आल्या त्या. तिनं एकेक उचलून पथकाच्या हातात दिली. बाजेखालची खुडूक तिनंच बाहेर काढली. अंडी गरम होती. "ही बी का?" तिनं मला विचारलं. झग्यात मी तिला ओळखू आले होते याचंच मला आश्चर्य वाटलं. मी मान डोलावली. चुन्याच्या खड्ड्यात सगळं गेलं.

संध्याकाळी गाव तिच्या अंगणात जमलं. दुःखाला कुणीतरी धनी लागतो. आमच्याच खात्यानं शाळेच्या भिंतीवर तक्ता लावला होता, त्यावर उडत्या बदकाचं चित्र आणि वर लाल फुली. ते बदक सगळ्यांनी पाहिलं होतं. "पाखरायनं रोग आणला," एकजण म्हणाला. "आन् पाखरायला पाणी कुणी पाजलं?" दुसरा. "म्हातारीनं गावाचं वाटोळं केलं." ज्या बायकांनी रोज तांब्या रिकामा केला होता, त्यातली एकही बोलली नाही. थोरली सून तेवढी बोलली: "आमी आधीच म्हणत व्हतो."

मी ओरडले. खरंच ओरडले, घसा बसेपर्यंत. "अजून पाखरांच्या नमुन्यांचं काही आलेलं नाही. रोग कुठून आला ते ठरायचंय. त्या रंगीत पिल्लांचं काय? ती कुठून आली होती?" पण पिल्लं सगळ्यांनीच घेतली होती. डबरं एकटीचं होतं. गावाला एकटीचंच सोयीचं होतं. गयाबाई उंबऱ्यावर बसून माझ्याकडं बघत होती, जणू मी तिच्या वतीनं नाही, दुसऱ्याच कुणाच्या वतीनं भांडतेय.

दुसऱ्या दिवशी पोरांनी तलावात फटाके लावले. उरलीसुरली बदकं उठली, घिरट्या घातल्या, परत बसायला आली, परत फटाके. लातूरच्या आभाळात त्या दिवशी ती कुठं गेली असतील? मी अजून विचार करते. उन्हाळा तोंडावर होता आणि पुढं पाण्याचा थेंब नव्हता.

नमुन्यांचं सविस्तर उत्तर यायला पुढचा पावसाळा उजाडला. पुण्याहून माझ्या वर्गमैत्रिणीचा फोन आला. ती तिथं प्रयोगशाळेत होती. म्हणाली, "अगं, तुझ्या त्या तलावातल्या बदकांमध्ये विषाणू निघाला, पण अगदीच साधा. कोंबड्यांतला वेगळाच. आठही तुकडे लावून पाहिले, दोघांचं नातंच नाही. सख्खं सोड, चुलतसुद्धा नाही. कोंबड्यांतला जुळतोय तो दुसऱ्या राज्यातल्या शेडमधल्याशी." मी फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता. डबऱ्याचा दोष नव्हता. पाखरांचा नव्हता. आणि गयाबाईचा तर नव्हताच नव्हता. पण मला रडू कोसळलं. जे तेव्हा अंगणात सांगायला हवं होतं, ते आता माझ्या हातात आलं होतं. विज्ञान खोटं बोलत नाही, मान्य. पण ते इतकं सावकाश का बोलतं? माणसं तोवर थांबत नाहीत.

त्याच दिवशी गावात गेले. पारावर बसलेल्यांना सांगितलं. "अस्सं व्हय?" एकजण म्हणाला. "बरं झालं सांगितलं." आणि तो पुन्हा पेरणीच्या बोलण्याकडं वळला. कुणी वाईट वागलं नाही. चहासुद्धा पाजला. कुणाला काही वाटलंच नाही, हेच मला सहन होईना. गयाबाई गावात नव्हती. हदगावला लेकीकडं गेली ती परत आलीच नाही, असं धाकट्या सुनेनं सांगितलं. मागं कोंबड्या नव्हत्या, मग परत यायला तिचं इथं काय होतं?

हदगावला मी एसटीनंच गेले. रजा मिळायलाच महिना लागला होता, जीप मागायची नव्हती. दोन्ही बाजूंना कापूस टरारून आलेला, सोयाबीन गुडघ्याला लागलेलं, ओढे भरून वाहत होते. इतकं हिरवं की मागचं वर्ष कुणी तरी सांगितलेली थाप वाटावी. गयाबाई लेकीच्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. वाळली होती. मला बघून तिनं पदर सारखा केला, "ये" म्हणाली आणि पाट सरकवला. लेकीच्या अंगणात एकही कोंबडं दिसलं नाही. लेक म्हणाली, "म्या आणते म्हणलं पिल्लं, तर आई नको म्हंती. चिमण्यायसाठी अंगणात पाणी ठिवायचाव आमी, ते बी काढायला लावलं तिनं. म्हंती, लेकरायचं घर हाय."

मी तिच्याजवळ बसले. तिला कळेल असं सगळं सांगितलं. गोधडीची आठवण दिली. म्हटलं, मावशी, दोन्ही गोधड्या उसवून पाहिल्या. तुकड्याला तुकडा जुळत नाही. तुझ्या डबऱ्यातून काही आलं नाही. तू पाजलेलं पाणी चांगलंच होतं. तुझ्या पाखरांनी तुझ्या कोंबड्यांना काहीही केलं नाही.

मला वाटलं होतं ती सुटेल. हसेल, नाही तर गावाला चार शिव्या घालेल. मीसुद्धा तिच्या जोडीनं घालणार होते. ती शेंगा फोडत राहिली. मग थांबली.

"पक्कं हाय?"

"पक्कं आहे मावशी."

"म्हंजे त्यायचं काईच नव्हतं."

"काहीच नव्हतं."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "फटाके वाजवले तवा समदी उडाली, पर दोन ऱ्हायली व्हती," ती म्हणाली. "पाक गळाली व्हती. उडवना त्यायला. गावातले लोकं म्हणले, तुहं डबरं हाय, तूच बुजव. म्या बुजवाय गेले तर तितंच बसलेली. मला बगून उठली न्हाईत. वळखत व्हती न्हवं मला, रोज पाणी घेऊन येती म्हून." तिचा आवाज बारीक झाला. "म्या ढेकळं मारली गं त्यायला. वाळलेली ढेकळं, ही अशी मोठी. एक तर मारली तरी मह्याकडंच येऊन ऱ्हायलं व्हतं."

लेक आतून चहा घेऊन आली आणि आम्हा दोघींकडं बघून दारातच उभी राहिली.

"तवा मला वाटलं व्हतं, म्या बरुबर करून राहिले," गयाबाई म्हणाली. "आता तू सांगून राहिली की त्यायचं काईच नव्हतं. मंग बाई, हे मला कशाला सांगितलंस?"